बाटलीचे पुनर्वसन

वाइनच्या बाटलीला लागते तरी काय? 12 ते 14 अंश तापमान, काळोख, शांतता आणि आडवे पडायला जागा. म्हणजे बूच सुकत नाही. मागण्या रास्तच आहेत. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा सुजाण कुटुंबाने बाटलीसाठी वेगळा फ्रिज घ्यावा, हे कौतुकास्पदच. आजोबांच्या खोलीत पंखा आहे. शिवाय त्यांना बूच नाही.

पुढचे पाऊल शासनाने उचलावे. प्रत्येक नव्या इमारतीत बाटल्यांसाठी थंड, हादरेमुक्त खोली सक्तीची करावी. लोकलचे रूळ जरा लांब हलवावेत. वरातीतल्या डीजेने आधी बाटलीचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे. भाडेकरूंनी कुरकुर करू नये. वयानुसार त्यांची किंमत वाढत नाही.

एवढ्या इतमामाने दहा वर्षे सांभाळलेली नाशिकची शेनिन ब्लाँ उघडताना मात्र कॉर्कस्क्रू शोधत बसू नये. झाकण बहुधा फिरकीचे असते. अशी बाटली उभी ठेवली तरी चालते. आणि आतली वाइन साधारण वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकायची असते.