चटक्याची प्रतिष्ठा
इ.स. 1689 मध्ये उत्तरेच्या पदयात्रेस निघण्यापूर्वी जपानी कवी बाशो याने गुडघ्याखालील ‘सान्री’ या स्थानी मोक्साचा शेक घेतल्याचे त्याच्या प्रवासवृत्तात नमूद आहे. मात्र त्यानंतर तो शेकडो कोस चालला, ही बाब घरबसल्या मोक्सा घेणारी मंडळी सोयिस्करपणे दप्तरदाखल करते. दवण्याच्याच गोतातील वनस्पतीची वाळलेली पाने कुटून, कागदाच्या नळीत भरून ती विडीप्रमाणे पेटवावी, कातडीपासून दोन बोटे दूर धरावी, आणि खोलीभर धूर झाला म्हणजे व्याधीस हद्दपारीचा हुकूम मिळाला असे समजावे, असा या मोक्साचा एकंदर शिरस्ता. आजीच्या बिब्ब्यास अडाणीपणा ठरविणारे विद्वानही येथे विनातक्रार पाय पुढे करतात. दुखऱ्या सांध्यास ऊब बरी वाटते, हे निर्विवाद. तेवढ्यापुरती गरम पाण्याची पिशवी पुरते, आणि तिने सतरंजीस भोक पडत नाही.