सॉलिडकाका

दुकानात शिरल्यावर सॉलिडकाका पलंगाकडे बघत नाहीत, पलंगाखाली बघतात. रोज सकाळी बागेत गुडघ्यांची कैफियत मांडणारा हा गृहस्थ फर्निचरच्या दुकानात मात्र झटक्यात फरशीवर बसतो आणि जिथे पॉलिशचा हात फिरलेला नसतो अशी जागा शोधून किल्लीने जरासं खरवडतो. मग मधल्या बोटाने टकटक. मग वास. तोवर दुकानातला पोरगा "सर, सॉलिड वुड आहे" असं म्हणून चुकलेला असतो, आणि ज्या वाक्यासाठी काका घरून निघालेले असतात ते वाक्य बाहेर पडतं, "ते बाहेरून. आतून काय आहे?"

हा प्रश्न ते लाकडाबद्दल विचारतात, नव्या पुलाबद्दल विचारतात आणि दुसऱ्यांच्या होणाऱ्या जावयाबद्दलही विचारतात.

पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक सॉलिडकाका असतो. तो सरकारी खात्यातून नाहीतर बँकेतून निवृत्त झालेला असतो. लाकडाशी त्याचा नोकरीतला संबंध टेबलापुरताच. पण कुणाच्याही घरी फर्निचर घ्यायचं ठरलं, की खरेदीच्या लवाजम्यात तो असतोच. खिशातून त्याच्या छदाम जाणार नसतो, पण त्याने मान हलवल्याशिवाय इतरांचे पैसे खिशातून निघत नाहीत. प्लायवूडचं नाव काढलं तर तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो. पार्टिकल बोर्डला तो "भुसा आणि डिंक" म्हणतो, आणि खरं सांगायचं तर त्यात तो फारसा चुकत नाही.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर प्रकरण उभं राहिलं ते आजींमुळे. आजी गावाहून कायमच्या राहायला येणार होत्या, नातवाची दहा बाय दहाची खोली त्यांना वाटून द्यायची होती. तेव्हा नऊ वर्षांच्या चिरंजीवांना वर चढवावं, खाली अभ्यासाचं टेबल बसवावं आणि उरलेल्या जागेत आजींची खाट टाकावी, असं वहिनींनी काढलं. यालाच हल्ली लॉफ्ट बेड म्हणतात. मुंबईच्या चाळींत माणसं पिढ्यान्पिढ्या पोटमाळ्यावर झोपत आली, पण त्याचं कुणी कॅटलॉग काढलं नव्हतं एवढंच. वहिनींच्या मनात बोर्डाचा, तयार, दोन तासांत जोडून मिळणारा पलंग होता. तेवढ्यात जिन्यात काका भेटले.

"पोराला हवेत झोपवायचं, तेसुद्धा भुशावर?" काका म्हणाले. "अहो, संसदेला लागलं ते नागपूरचं सागवान, अयोध्येच्या दारांना २०२३ साली गेलं ते बल्लारशाचं सागवान. घरात सोनं असताना तुम्ही पितळ शोधताय."

मग दुकानं झाली. जोधपूरच्या शिसवी पलंगात काकांना पांढरा भाग दिसला. म्हणजे झाडाच्या गाभ्याबाहेरचं कोवळं लाकूड, ज्याला वाळवी आधी लागते. हे त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या दुकानात त्यांनी फळीचे रेषे वरून खाली कडेपर्यंत डोळ्यांनी नेले, ते कडेशी एकदम तुटले, आणि "वरून पापुद्रा चिकटवलाय" हा निकाल त्यांनी दिला. हेही बरोबर. तिसऱ्या दुकानात आंब्याच्या लाकडाचा देखणा उंच पलंग होता, वहिनींना तो मनापासून आवडला, भावही परवडणारा होता. तिथे काकांनी थेट इतिहास काढला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागवान परवानगीने तोडावं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू देऊ नये असं बजावलेलं आहे, ते आपण डावलायचं का? दुकानातल्या पोराने आज्ञापत्र म्हणजे जीएसटीचं काही असावं असं समजून मॅनेजरला बोलावलं.

काकांना लाकूड कळतं. कळत नाही तो पलंग. उंच पलंग सहसा मोडत नाही, डुलतो. वजन सगळं वर, पाय लांब, आणि पोरगं शिडीवरून चढताना हिसका देतं तो आडवा. तो हिसका सांधे खातात. सांधा ढिला असेल तर अस्सल बर्मा सागही कुरकुरतो; उलट मागे एक तिरपी पट्टी किंवा आडवी फळी मारली, भिंतीला दोन ठिकाणी आवळलं, तर चांगल्या प्लायचा पलंगही गुमान उभा राहतो. काकांपुढे हे बोलायची आमच्यात कुणाची छाती नाही. भिंतीला आवळायचा विषय पुढे पलंग करायला आलेल्या मिस्त्रींनी काढला होता. त्यावर काका म्हणाले, "या भिंतीला? पलंग धरून ठेवेल भिंतीला."

काकांच्या हिशोबात पंखाही नव्हता. खोलीची उंची साडेनऊ फूट, पंख्याची पाती छतापासून फूटभर खाली, म्हणजे साडेआठ फुटांवर. पलंग साडेपाच फुटांवर, त्यावर पाच इंचांची गादी, त्यावर उठून बसलेलं नऊ वर्षांचं पोर. ही बेरीज वहिनींनी दुधाच्या हिशोबाच्या वहीत केली आणि छताचा पंखा उतरवून भिंतीवरचा आणला. कठड्याचंही तेच. अमेरिकेत असा नियम आहे, की वरच्या पलंगाचा कठडा गादीच्याही वर निदान पाच इंच असावा, आणि सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये. वहिनींनी तो वाचून दाखवला. काका म्हणाले, "तिकडे पोरं पडतात कारण पलंग पाइनचे असतात." कठडा अखेर उंच झाला, पण काकांनी पिंजाऱ्याकडून भरून घ्यायला लावलेल्या कापसाच्या जाड गादीने त्यातला बराच भाग पुन्हा गिळला. मग गादीतला कापूस काढून आजींच्या उशा झाल्या.

कुठल्याच दुकानातलं लाकूड पसंत पडलं नाही, तेव्हा काकांनी आपला खजिना उघडला. त्यांच्या बाल्कनीत ताडपत्रीखाली वाड्याची एक तुळई होती. वाडा पाडला तेव्हा भावांनी पैसे घेतले, काकांनी तुळई घेतली. काकूंना त्या बाल्कनीत तुळशीची कुंडी ठेवायलाही कधी जागा मिळाली नव्हती. तेव्हा तुळई बाहेर जाते आहे म्हटल्यावर टेम्पोचं भाडं काकूंनीच दिलं, तेही हसतमुखाने. भवानी पेठेत टिंबर मार्केटला ती चिरायला नेली तर मशीनवाला आधी नाहीच म्हणाला. जुन्या लाकडात खिळे असतात, पात्याचे दात जातात. काकांनी पकड घेऊन अख्खा दिवस खिळे उपटले. लाकूड चिरल्यावर जो वास सुटला, त्याला मात्र मीही मान तुकवली. इतक्या वर्षांनी आतून इतकं ताजं काही निघतं यावर विश्वास बसत नाही.

पाय तीन इंची पुरले असते. काकांनी चार इंची घ्यायला लावले. फळ्या दोन इंची. सगळं मिळून साडेसात घनफूट लाकूड, घनफुटाला साधारण अठरा किलो धरले तरी एकशे पस्तीस किलो. मिस्त्री राजस्थानचे, तोलून बोलणारे. ते म्हणाले, "काका, सांध्यांना नट-बोल्ट टाकतो. उद्या हलवायचा झाला तर खोलता येईल."

"बोल्ट म्हणजे लाकडावर अविश्वास," काका म्हणाले. "कुसू ठोका, पाचर मारा. आणि हलवायचा कशाला?"

मिस्त्रींनी खोलीतच बसून कुसू ठोकले, पाचरी मारल्या. पलंग उभा राहिला. त्यावर चिरंजीव, त्यांचे चार मित्र आणि कसोटीसाठी खुद्द काका एकाच वेळी चढले, पण तो तसूभर हलला नाही. काकांनी खाली उतरून जाहीर केलं, की याच्यावर याची नातवंडं झोपतील. चिरंजीवांनी नातवंडं म्हणजे नक्की कुणाची, असं आईला विचारलं.

पुढे सोसायटी पुनर्विकासाला निघाली. इमारत १९९२ची, स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये कॉलम कमकुवत निघाले. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी सामान कसं हलवायचं ते पाहायला मिस्त्रींना बोलावलं. ते पलंगाभोवती एक फेरी मारून म्हणाले, दार पावणेतीन फुटांचं, पलंग साडेतीन फुटांचा, सांधे काही सुटायचे नाहीत. करवत लावावी लागेल. करवत हा शब्द काकांच्या कानावर गेला.

विशेष सर्वसाधारण सभेत सगळे कार्पेट एरिया, भाडं आणि पार्किंग यांवर भांडत होते. काका उठले आणि म्हणाले, करारात पलंगाचं कलम हवं. पलंग अखंड बाहेर निघाला पाहिजे, त्यासाठी खिडकीची भिंत आधी फोडा, क्रेन लावा, काय वाटेल ते करा. आणि नव्या फ्लॅटची ती खोली पलंगाच्या मापाने बांधा. सभा हसली. पण ज्यांना बिल्डर नको होता आणि सांगण्यासारखं कारण सापडत नव्हतं, अशा चार ज्येष्ठांनी तत्काळ अनुमोदन दिलं, आणि सेक्रेटरींना ते इतिवृत्तात लिहावं लागलं. सह्या अडल्या.

पुढच्या सभेआधी बिल्डरचा तरुण इंजिनिअर टेप घेऊन तिसऱ्या मजल्यावर हजर झाला. टेपचं दुसरं टोक काकांनी धरलं. लांबी झाली, रुंदी झाली, उंची झाली, त्याने सगळं मोबाइलवर टिपून घेतलं.

"रुंदीत पाव इंच जास्त लिहा," काका म्हणाले. "पावसाळ्यात फुगतो."