तंबोऱ्याचा आत्मा

मी दुरुस्त केलेल्या वस्तू आमच्या घरात ओळखायला सोप्या आहेत. त्या माळ्यावर असतात. मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन असा तिथला अनुक्रम आहे. गेल्या मे महिन्यात अण्णांचा तंबोराही त्यांच्या पंगतीला बसायचा, थोडक्यात वाचला. तो वाचला त्यात माझा हात नाही. वाया चालला होता त्यात मात्र दोन्ही होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. पाचोऱ्यात त्यांना कोणी गवई म्हणत नसे, पण भजनाला त्यांच्यावाचून अडत असे. तंबोरा त्यांनी खास मिरजेहून आणला होता. पी.जे.ने ते तो जामनेरला नेत. पी.जे. म्हणजे आमची पाचोरा-जामनेर गाडी. अडीच फुटी रुळांवरून ५६ किलोमीटर हलतडुलत जाणारी. तिच्या डब्यात तंबोरा बसला की अण्णा उभे राहत. २०२० च्या टाळेबंदीत ती गाडी थांबली ती थांबलीच. अण्णा त्याच्या कितीतरी आधी गेले, आणि तंबोरा पश्चिमेच्या भिंतीवर टांगला गेला. पाचोऱ्याची पश्चिमेची भिंत मे महिन्यात काय चीज असते हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. पारा ४४ वर गेला की त्या भिंतीवर कळण्याची भाकरी भाजता येईल. तिथे तंबोऱ्याने वीस उन्हाळे काढले. मग एके दुपारी खिळ्याने जीव सोडला, तंबोरा खालच्या ट्रंकेवर आला आणि भोपळ्याची पाठीमागची तीन बोटं खपली उडाली.

पुण्याला शिकणारी लेक सुटीत आली आणि म्हणाली, ‘‘बाबा, मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर गाऊन कंटाळा आला. आजोबांचा वाजेल का हो?’’

‘‘मिरजेला टाकून या,’’ बायको म्हणाली. ‘‘आपल्या स्टेशनातून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट मिरजेला जाते.’’

सल्ला इतका सरळ होता की तो ऐकणं मला कमीपणाचं वाटलं. त्यातच कुठेतरी वाचलं होतं की अब्दुल करीम खाँसाहेब आपले तंबोरे स्वतःच दुरुस्त करत. खाँसाहेबांना दोन गोष्टी येत होत्या, गाणं आणि दुरुस्ती. त्यातली एक मला येत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. म्हणून दुसरी येत असणार, असा मी हिशेब मांडला.

पहिला नंबर खुंट्यांचा. खुंटी पिळली की तार चढायची आणि हात सोडला की गर्रकन उतरायची. दार कुरकुरलं, कुलूप अडलं, सायकल रुसली की आमच्याकडे जवसाचं तेल. मी चारही खुंट्यांना सढळ हाताने जवसाचं तेल लावलं. त्यानंतर खुंट्या इतक्या मायाळू झाल्या की नुसतं त्यांच्याकडे बघितलं तरी तार सैल पडे. मग कळलं की घसरत्या खुंटीला तेल नव्हे, खडू चोळतात. खडू घरात होता. पण तेलावर खडू चोळला की त्याची लांबी होते, खिडकीच्या काचेला लावतात ती. सकाळपर्यंत चारही खुंट्या भिंतीत चिणल्यासारख्या बसल्या. एक तर पकडीने फिरवताना मानेतूनच तुटली. बाकीच्या तीन जिद्दीने जागेवर राहिल्या.

आता भोपळ्याकडे वळलो. हा भोपळा भाजीचा नव्हे. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतो, वेलावरच वाळवतात, आणि त्याची कवटी टणक निघाली तरच तो तंबोऱ्याच्या कामाचा. मी भगदाडातून विजेरी मारून आत पाहिलं. आत काहीही नव्हतं. इथेच घात झाला.

कारण आदल्या रात्री मी चेलोच्या दुरुस्तीची फिल्म बघितली होती. तंबोऱ्याची सापडली नाही. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला काका, गुडघ्यात धरून वाजवायचा, चार तारा, पोट पोकळ. म्हटलं, भाऊबंदच. त्या फिल्ममधला गोरा कारागीर सांगत होता की चेलोच्या पोटात वरची फळी आणि पाठ यांच्यामध्ये एक छोटा लाकडी दांडा उभा असतो. तो ना खिळ्याने ठोकलेला, ना सरसाने चिकटवलेला. नुसता दाबाने उभा. तारांची थरथर तो पाठीपर्यंत पोचवतो. फ्रेंच लोक त्याला जे नाव देतात त्याचा अर्थच मुळी ‘आत्मा’. तो पडला की वाद्य मुकं झालं.

मी पुन्हा विजेरी मारली. आमच्या तंबोऱ्यात आत्मा नव्हता.

‘‘झाडताना कधी लाकडाचा गोल तुकडा सापडला होता का गं?’’

‘‘कधी?’’

‘‘गेल्या वीस वर्षांत.’’

बायकोने उत्तर दिलं नाही. ती पापडाच्या गडबडीत होती. मे महिना म्हणजे गल्लीभर उडदाचे पापड. आज आमच्याकडे, उद्या शेजारच्या काकूंकडे, सगळ्यांची पोळपाट-लाटणी एकमेकींच्या ओसरीवर. त्या ढिगात मला ते दिसलं: बारीक, सरळ, सागवानी, वर्षानुवर्षांच्या तेलाने गुळगुळीत झालेलं. माझ्या सासूबाईंचं लाटणं. आत्मा असाच असला पाहिजे असं मला आतून वाटलं.

दोन्ही मुठी करवतीने उडवल्या, तेव्हा ते भोपळ्याच्या पोटात नेमकं बसलं. एक टोक तबलीला, म्हणजे पुढच्या फळीला, दुसरं पाठीला. मग नळाची गळती बुजवतात ती दोन रंगांची कणीक कालवून भगदाड लिंपून टाकलं. पुरावा आत गेला.

संध्याकाळी लाटण्याची शोधाशोध सुरू झाली. मी तंबोरा पुसत होतो. काकूंच्या घरी विचारणा झाली. काकू म्हणाल्या, ‘‘काय करून राहिल्या ताई, मी काय लाटणंचोर आहे का?’’ शब्दाला शब्द लागला. पुढचे दोन महिने भरिताची वाटी ना इकडून तिकडे गेली, ना तिकडून इकडे आली. मी त्या काळात शांततेच्या बाजूने होतो, म्हणजे काहीच बोललो नाही.

राहता राहिली घोडी. तारा जिच्यावरून जातात ती पट्टी. बोट फिरवून पाहिलं तर ती धड सपाट नाही! एकीकडे किंचित उतार, मध्ये नकळत फुगवटा. वर प्रत्येक तारेखाली मळक्या सुताचा एकेक तुकडा अडकलेला. अण्णांनी इतकी वर्षं हे कसं चालवून घेतलं या विचाराने मला वाईट वाटलं. सुताचे तुकडे काढून केरात टाकले. गवंड्याची लेव्हलची बाटली आणली, पॉलिशपेपर घेतला आणि चार तास घासून घोडी अशी सपाट केली की बुडबुडा मधोमध उभा.

मी घासून टाकलेल्या त्या उताराला जवारी म्हणतात. तार त्या वळणावर टेकते न टेकते अशी थरथरते, आणि म्हणून एका तारेतून सुरांचा झुबका उठतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लेख लिहिला. तार जिथे छेडावी तिथे ज्यांचा स्थिरबिंदू पडतो ते उपस्वर शास्त्राप्रमाणे ऐकू येता कामा नयेत. तंबोरा आणि वीणेत ते खुशाल ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे आमच्या तंबोऱ्यात शास्त्राला न जुमानणारी एक जागा होती. ती मी चार तासांत कायद्यात बसवली.

लेकीने तार छेडली. ‘टक्’ असा आवाज आला. पाटावर चमचा पडावा तसा.

‘‘बाबा,’’ ती जरा वेळाने म्हणाली, ‘‘मोबाइलचंच बरं आहे.’’

जुलैत मी महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलो. वरच्या बर्थवर तंबोरा, खालच्यावर मी. मिरजेत तलवारींना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले, आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या ते काम चालू आहे. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एका दुकानात शिरलो. म्हाताऱ्या कारागिराने तंबोरा हातात घेतला, हलवला, कानाला लावला. मग भोपळ्यावर बोटाने टिचकी मारली आणि माझ्याकडे डॉक्टर बघतात तसं बघितलं.

‘‘आत काय घातलंय?’’

‘‘आत्मा,’’ मी म्हणालो.

त्यांनी लिंपण फोडलं. दोन बोटं आत घालून ते बाहेर काढलं, उजेडात धरलं. कामावरची दोन पोरं उठून बघायला आली.

‘‘मालक, हे लाटणं हाय.’’

मी चेलोचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझी घोडी पाहिली, आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा पडला. लाटण्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. त्यांनी कानस घेतली. दोनदा फिरवायची, तार चढवायची, ऐकायची, तार उतरवायची, पुन्हा एकदा फिरवायची. माप नाही, बाटली नाही, नुसता कान. मी चार तास घासलं होतं. त्यांना ते परत मिळवायला दुसरा दिवस उजाडला. शेवटी रिळावरून सुताचा बोटभर तुकडा तोडून त्यांनी तारेखाली सारला आणि नखाने केसभर पुढे-मागे केला. एका जागी तो तंबोरा असा काही उघडला की बाहेर रस्त्यावरची रिक्षा ऐकू येईनाशी झाली.

‘‘ह्या दोऱ्याला तिकडं कर्नाटकात जीवाळी म्हणतात,’’ ते म्हणाले. ‘‘जुने दोरे कुठं गेले?’’

‘‘केरात,’’ मी म्हणालो.

पाचोऱ्याला उतरलो. बायकोने दारातच पिशवी घेतली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते मी मिरजेतच टाकून येणार होतो, पण दुकानातल्या पोराने इमानदारीने गाडीपर्यंत आणून दिलं. ती बिल वाचायला लागली. जवारी. चार खुंट्या. भोपळा सांधणे. तारा. आणि सर्वांत खाली, सुवाच्य अक्षरात : लाटणे काढणे, मोफत.

तिने कागद सोडला. मुठी नसलेलं लाटणं हातात घेऊन ती बराच वेळ उभी राहिली. आतल्या खोलीत लेक तंबोरा लावत होती, आणि खर्जाची तार घरभर गुंजत होती. तेवढ्यामुळेच मी वाचेन असं वाटलं.

‘‘घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘काकूंकडे जा. दाखवा. आणि कुठे होतं ते तुमच्या तोंडाने सांगा.’’

मी गेलो. काकूंनी दार उघडलं, आधी मला बघितलं, मग लाटण्याला.

‘‘त्याचं काय झालं काकू,’’ मी सुरुवात केली, ‘‘चेलो नावाचं एक वाद्य असतं...’’