प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी, इत्यादी

मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना मला कधीकधी वाटतं, आपल्या साहित्यात आजवर एकच माणूस होऊन गेला. तो प्रेमळ होता, कष्टाळू होता, स्वाभिमानी होता आणि चौथ्या चौकटीत काय भरायचं ते न सुचल्यामुळे मनमिळाऊ होता. लेखकांनी त्याला निरनिराळी नावं दिली, कुणी कोकणात नेऊन ठेवलं, कुणी देशावर. कुणी धोतर नेसवलं, कुणी लुगडं. पण मुलं फसत नाहीत. आकृतिबंध आला, मधल्या गोलात नाव आलं, चार बाण चार चौकटींकडे निघाले, की आत कोण जाऊन बसणार हे ठरलेलं असतं. एकदा घटक चाचणीला मी मुद्दाम 'व्यक्ती आणि वल्ली'तला अंतू बर्वा दिला. हा रत्नागिरीचा म्हातारा एखादं वाक्य सरळ बोलला, तर आळीतली मंडळी घाबरून वैद्याला बोलावतील. माझ्या वर्गाच्या मते तो प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी आणि 'सर्वांशी गोड बोलणारा' निघाला.

मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. गाईडात तसंच असतं, आणि मागच्या वर्षीच्या गाईडातही तसंच होतं. शिवाय आम्हा शिक्षकांची जडणघडणही चौकटीतच झालेली. बी.एड.ला आम्ही हर्बार्टच्या पंचपदीनं चालायला शिकलो आणि पाठ टाचण लिहायला शिकलो. टाचणाची गंमत अशी, की तास व्हायच्या आदल्या रात्रीच त्यात सगळं घडून गेलेलं असतं. विद्यार्थी व्यक्तिरेखा ओळखतो. विद्यार्थी तुलना करतो. विद्यार्थी रसग्रहण करतो. दुसऱ्या दिवशी वर्गात तोच विद्यार्थी खिडकीबाहेर बघतो, आणि मैदानावर नववी 'ब'चा कबड्डीचा तास चालू असला तर तो बघतो यात त्याचा दोष नाही.

आमची शाळा डोंबिवलीकडची. मधल्या सुट्टीत डबे उघडले, की हीच मुलं माणसांची जी चिरफाड करतात ती ऐकण्यासारखी असते. मी जिन्याशी पहारा देत उभा असताना, डब्यातली पोळी गुंडाळत एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, "मोठी काकू म्हणते ना, मी लग्नाला यायची नाही म्हणून? तिला यायचंय गं. तिला फक्त बाबांनी स्वतः जाऊन बोलवायला हवंय. आणि बाबा जायचे नाहीत, कारण गेल्या वेळी काका आले नव्हते." पोळीचा शेवटचा घास जाईपर्यंत तिनं चार व्यक्तिरेखा, दोन पिढ्यांचा इतिहास आणि एक न सुटणारा संघर्ष माझ्यासमोर उलगडून ठेवला. बोललेलं एक आणि मनातलं एक, यातली फट तिला लख्ख दिसत होती. हीच मुलगी सुट्टीनंतर वर्गात येऊन श्यामच्या आईबद्दल लिहिणार होती : प्रेमळ, कष्टाळू.

मग मी वर्गात विशेषणबंदी जाहीर केली. बंदी म्हटल्यावर मुलांना आधी आनंद झाला. फळ्यावर दोनच प्रश्न लिहिले : ह्याला काय हवंय? आणि आड कोण येतंय? ज्याच्या उत्तरात एक जरी विशेषण आलं, त्यानं पुढचा उतारा मोठ्यानं वाचायचा. पहिले काही दिवस उतारे फार वाचून झाले.

सुरुवात 'श्यामची आई'पासूनच केली. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात बेचाळीस रात्री आहेत आणि त्या सगळ्या रात्रींवर महाराष्ट्रानं मिळून एकच उत्तर लिहून ठेवलंय. मी त्यातली पोहण्याची रात्र काढली. श्याम पाण्याला भिऊन माळ्यावर लपतो, आई हातात शिंपटी घेऊन वर जाते, मारत मारत त्याला पोहायला पिटाळते. वाचून संपलं न संपलं तोच मागच्या बाकावरून हात वर. "सर, हा गुन्हा आहे. २००९चा शिक्षण हक्क कायदा. मुलांना मारता येत नाही." ऑफिसबाहेरचा फलक हा मुलगा रोज वाचतो, कारण तो रोज ऑफिसबाहेर उभा असतो. पुढच्या बाकावरून लगेच दुरुस्ती आली, की तो कायदा शाळेला लागू, माळ्याला नाही.

दोघांना खाली बसवलं आणि विचारलं, आईला काय हवंय?

"श्यामला पोहता यायला हवंय."

एवढंच? पोहायला काय, पुढच्या वर्षीही आलं असतं. त्यासाठी शिंपटी कशाला?

थोडा वेळ पंख्याचा आवाज. मग एकानं चाचपडत सांगितलं, "पोरं त्याला भित्रा म्हणतील, ते तिला नकोय."

आता गाडी जरा रुळावर आली. तेवढ्यात मी त्या गोष्टीतलं दही पुढे केलं. मारून झाल्यावर, पोहून झाल्यावर, जेवणं झाल्यावर आई श्यामला सांगते, की तुझ्या आवडीचं दही ठेवलंय. श्याम फुगलेला. दही नको म्हणतो. मी विचारलं, ह्या दह्याचा अर्थ काय?

"सॉरी," एक मुलगी म्हणाली.

"छे," तिची शेजारीण. "माझी आईपण करते असं. आधी ओरडते, मग विचारते भेंडी करू का. पण सॉरी कधी म्हणत नाही. पुन्हा तसंच वागलं तर पुन्हा ओरडते."

"मग दही कशाला दिलं?"

इथे वर्षभर ज्याचा आवाज मी फक्त हजेरीला ऐकला होता असा एक मुलगा जागेवरूनच बोलला, "मारल्याचं वाईट वाटलं नाही तिला. त्याला लागल्याचं वाटलं."

मी खडू खाली ठेवला. ह्या वाक्यासाठी चौकट कुठल्याच कृतिपत्रिकेत आखलेली नाही. आणि गंमत म्हणजे 'प्रेमळ' हे उत्तर चूक थोडंच आहे? अगदी बरोबर आहे. बरोबर आहे म्हणूनच पोरं तिथे थांबतात आणि माळ्याची शिडी चढतच नाहीत.

यानंतर मला चेव चढला. पर्यवेक्षिकाबाई ज्याला 'अवांतर' म्हणतात ते मी सुरू केलं, म्हणजे कुणी शिक्षक रजेवर असला की त्याच्या तासाला नाटकं वाचायची. पहिलं 'नटसम्राट'. शिरवाडकरांचं हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आलं, डॉ. श्रीराम लागूंनी बेलवलकर उभा केला, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या यच्चयावत सासऱ्यांना आपल्या घरी एक अन्याय चालू आहे हे समजलं. मी सांगितलं, बेलवलकरांसाठी रडून झालेलं आहे. तुमच्या आजोबांनी तुमच्याही वाटणीचं रडून ठेवलंय. आता सुनेची बाजू कोण मांडतं?

कोणीच उठेना. शेवटी जिची आई सात चाळीसची लोकल पकडते ती मुलगी उठली, आणि उठली ती बसेचना. "सर, ह्यांनी सगळं मुलांना वाटून टाकलं. कुणी मागितलं होतं? स्वतःच दिलं. मग दिलंय हे घरात रोज दिसायला कशाला पाहिजे? सकाळी सुनेला डबे करायचेत, मुलीला शाळेत सोडायचंय, आणि हे हॉलमध्ये स्वगत म्हणतात. तेपण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. घरात शेवटची रांग कुठे असते? ओट्यापाशी."

वर्ग टाळ्या वाजवायला लागला. पण एक जण चिडलेला होता, त्याचे आजोबा घरी आहेत. तो म्हणाला, "तो माणूस आयुष्यभर मोठ्यानंच बोलला ना? त्याला हळू बोलता येतच नाही. त्याला घर नकोय, थिएटर हवंय. आणि ते बंद झालंय."

दोघंही एकमेकांकडे बघत उभी. मी म्हटलं, दोघंही बरोबर आहात, आणि दोघंही बरोबर असल्यामुळेच ते भांडण मिटत नाही. ह्यावर पहिल्या बाकावरून अत्यंत व्यावहारिक शंका आली : "सर, दोघं बरोबर असले तर मार्क कुणाला?"

जाता जाता मी सांगून टाकलं, की शिरवाडकरांच्या डोळ्यांसमोर शेक्सपिअरचा लिअर राजा होता. त्यानंही सगळं राज्य मुलींना वाटलं आणि मग त्याला कुणी ठेवून घेईना. एकानं विचारलं, "त्यांच्याकडेपण वन बीएचके होता?" नाही, राजवाडा होता. तरीही जागा पुरली नाही. ही माहिती वर्गानं फार गंभीरपणे घेतली.

संघर्षाचे प्रकार आम्हाला शिकवावे लागतात : माणूस विरुद्ध माणूस, माणूस विरुद्ध समाज, माणूस विरुद्ध निसर्ग, माणूस विरुद्ध स्वतः. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'साठी वहीत पाचवा आला, 'माणूस विरुद्ध बाटली'. नाटकात सुधाकराला प्याला पुढे करणाऱ्या तळीरामाचा वकील म्हणून एक मुलगा उभा राहिला आणि त्यानं सांगितलं, की माझ्या अशिलानं फक्त ऑफर दिली. मी म्हटलं, मान्य. पण मग सुधाकरानं ती त्याच दिवशी का घेतली, आदल्या दिवशी का नाही? पानं उलटली गेली. वकिलीची सनद तहकूब झाल्याचं प्रकरण सापडलं. म्हणजे त्याला दारू हवी नव्हती, मान हवा होता, आणि मान कोर्टात मिळेना तेव्हा तो पेल्यात बघितला. हे सगळं त्यांनीच काढलं. मी फक्त 'आदल्या दिवशी का नाही' एवढं विचारलं. मराठीच्या शिक्षकानं खरं म्हणजे हा एवढा एकच प्रश्न खिशात ठेवला तरी वर्ष निघेल.

खरा गोंधळ देवलांच्या 'शारदा' नाटकानं केला. १८९९चं नाटक. भुजंगनाथ नावाचा पैसेवाला म्हातारा, त्याला लग्न करायचंय ते कोवळ्या शारदेशी. पैशाला हपापलेला तिचा बाप कांचनभट. आणि मध्ये लग्नं जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित, ज्याला मुलांनी 'एजंट' असं नाव दिलं. आम्ही खटलाच भरवला. भुजंगनाथाच्या वतीनं उभं राहायला कुणी तयार होईना म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, आणि ज्याला चिठ्ठी लागली त्यानं बिचाऱ्यानं "माझ्या अशिलाला एकटेपणा वाटतो" असं म्हणताच वर्गातल्या मुलींनी जो कल्ला केला, तो शेजारच्या वर्गात समांतर रेषांपर्यंत पोचला. स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांनी मला नंतर शांतपणे विचारलं, "काल तुमच्याकडून 'थेरड्याला बाहेर काढा' असं ऐकू येत होतं, ते मुख्याध्यापकांबद्दल नव्हतं ना?"

पण त्या खटल्यात एक जागा अशी आली, की सगळे गप्प झाले. नाटकात ते लग्न मोडतं ते कशामुळे? नवरा-नवरीचं गोत्र एकच निघतं म्हणून. मी हे सांगितलं, आणि खिडकीपाशी बसणाऱ्या मुलीनं विचारलं, "म्हणजे सर, गोत्र वेगळं असतं तर वय चाललं असतं?"

देवलांना हेच दाखवायचं होतं का, की समोरचा प्रेक्षक कशापुढे मान तुकवतो हे त्यांना पक्कं माहीत होतं, यावर मला अजूनही नक्की बोलता येणार नाही. मुलीला मात्र आड कोण येतंय ते समजलं होतं. तिथे भुजंगनाथ, कांचनभट ही माणसं अचानक लहान झाली आणि मांडवात पाटावर बसून अक्षता मुठीत धरलेली गर्दी दिसायला लागली.

परीक्षेत एकानं लिहिलं, की ह्या नाटकावरूनच पुढे शारदा कायदा झाला. त्याला मी रागावलो नाही, अर्ध्या महाराष्ट्राचा हाच समज आहे. १९२९चा तो बालविवाह प्रतिबंधक कायदा अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावानं ओळखला जातो; त्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा आणि मुलाचं अठरा केलं. चौदा ऐकून वर्गातल्या चौदा वर्षांच्या मुलींनी एकमेकींकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर टाचणात 'विद्यार्थी आशय समजून घेतो' अशी लिहावी लागते.

आता तुम्ही विचाराल, की परीक्षेचं काय? चौकटी तर जाणार नाहीत. मुलं माझ्यापेक्षा हुशार, त्यांनी तह केला. चौकटीत गाईडाचं, 'स्वमत'मध्ये स्वतःचं. कधीकधी मात्र तह मोडतो. एका उत्तरपत्रिकेत 'प्रेमळ' ह्या चौकटीतून बाहेर बाण काढून समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं : पण हिशेब ठेवते. ही श्यामची आई नव्हती, भलत्याच धड्यातली आजी होती, पण तो धडा मी पुन्हा काढून वाचला आणि खरोखरच ती आजी हिशेब ठेवते. इतकी वर्षं ती माझ्यासमोर ठेवत होती. मी तो बाण धरून अर्धा गुण जादा दिला, आणि तो कुठल्या नियमानं दिला हे कुणी विचारू नये म्हणून लाल पेनानं जरा अस्पष्ट लिहिला.

परवा पालकसभा झाली. नेहमीचे प्रश्न, अक्षर, गैरहजेरी, मोबाईल. शेवटी एक गृहस्थ खुर्ची पुढे ओढून बसले. म्हणाले, "सर, तुम्ही वर्गात नेमकं काय शिकवता? परवा माझं आणि हिचं जरा वाजलं, गावच्या घराच्या रंगावरून. मुलगी मध्ये येऊन उभी राहिली आणि म्हणते, बाबा, तुम्हाला काय हवंय ते एका वाक्यात सांगा, विशेषण न वापरता."

"मग?"

"मग काय, जमेना. मी विशेषणांवरच होतो."

त्यांच्या सौभाग्यवती इतका वेळ हातातल्या प्रगतिपुस्तकाकडे बघत होत्या. गृहस्थ सही करायला टेबलाकडे गेले तशा त्या पुढे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, मोठ्या माणसांसाठी असा काही वर्ग असतो का हो? आमच्या सासूबाई दुपारी घरीच असतात."