टिळकांचं बॉलपेन

गांधीजी सहीचे पाच रुपये घेत. पैसे हरिजन फंडात जात, पण हिशेब चोख: आधी पाच रुपये, मग सही. ही माहिती आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, घरी येणाऱ्या प्रत्येकाला पाण्याचा पेला हातात पडायच्या आत देतात. पाहुण्याचा हात नकळत खिशाकडे जातो.

आप्पांना पुढाऱ्यांची जुनी पत्रं आणि सह्या केलेले फोटो जमवण्याचा नाद आहे. नाद करायला हरकत नाही, पण मग मुलुंडला वन रूम किचनमध्ये राहू नये. आमच्या गोदरेजच्या कपाटाचे वरचे दोन कप्पे राष्ट्रपुरुषांचे आहेत आणि सासूबाईंच्या पैठण्या पलंगाखालच्या ट्रंकेत. "देशासाठी त्याग करावा लागतो," असं आप्पा म्हणतात. "कोणी केला ते विचार त्यांना," असं सासूबाई मला सांगतात. दोघंही एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात.

पावसाळा लागला की घरात आणीबाणी. भिंतीला ओल धरते, कपड्यांना वास येतो, पण आप्पांना काळजी फक्त कागदाला कसर लागेल याची. डांबराच्या गोळ्या त्यांना चालत नाहीत. त्यांचा भरवसा नव्या बुटांच्या खोक्यात येते त्या सिलिका जेलच्या पुडीवर. आमच्या ह्यांनी दुकानातून बूट आणले की आप्पा आधी खोकं मागून घेतात आणि पुडी काढून ठेवतात. बूट पायाला बसले की नाही, हे कोणी विचारत नाही.

मुलुंड पश्चिमेला हा संग्रह रस्त्यावर मांडलेला आहे, असं माझं मत. नेहरूंचा जे. एन. रोड, सुभाषबाबूंचा एन. एस. रोड, गांधीजींचा एम. जी. रोड. मोठमोठी माणसं सहीच्या आद्याक्षरांवर आली आहेत. लालबहादुर शास्त्री तर एल. बी. एस. होऊन घाटकोपरपासून आमच्यापर्यंत ट्रॅफिकमध्ये अडकलेत.

आप्पांना खरा हेवा वाटतो तो पार्ले-अंधेरीकडच्या जुन्या लोकांचा. १९२४ साली ससूनमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झाल्यावर गांधीजी विश्रांतीला जुहूला येऊन राहिले. १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर पुन्हा जुहूलाच. "आमचे वडील त्या वेळी पार्ल्याला खोली बघत होते," आप्पा सांगतात, "आणि भाडं परवडेना म्हणून मुलुंडला आले." आठ-दहा रुपयांच्या फरकासाठी घराण्याची सही हुकली, हे शल्य त्यांना अजून आहे. त्यावर पाच रुपये फीही वाचली, असं मी एकदा म्हणाले. तो विषय घरात पुन्हा काढायचा नाही असं ठरलं आहे.

एकदा मी त्यांच्याबरोबर जुन्या नाण्यांच्या आणि कागदांच्या प्रदर्शनाला गेले. एका टेबलावर लोकमान्यांचं सही असलेलं पत्र होतं, प्लॅस्टिकच्या पाकिटात, किमतीवर चार शून्यं. आप्पांनी खिशातलं भिंग काढलं. विक्रेता म्हणाला, "काका, ओरिजिनल आहे." आप्पांनी पाच मिनिटं बघितलं आणि पत्र अलगद खाली ठेवलं. "टिळक गेले १९२० साली. बॉलपेन बाजारात आलं १९४५च्या सुमाराला. मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं तेसुद्धा पेन्सिलीने. मग ही सही कशाने केली?" विक्रेत्याने क्षणभर विचार केला. "बरं काका, तुमच्यासाठी कमी करतो."

भिंगाचं महत्त्व मला त्या दिवशी कळलं. शाईने केलेली सही कागदाच्या तंतूत थोडी झिरपते, वळणावर गडद होते. छापील सही भिंगाखाली ठिपक्या-ठिपक्यांची दिसते. रबरी शिक्क्याची शाई कडेला साचते. त्यातून पीए लोक साहेबांसारखी हुबेहूब सही करतात, ते वेगळंच. अमेरिकेत तर केनेडींच्या सेक्रेटरी सह्या करायच्या, शिवाय सही करणारं यंत्रही होतं. आमच्याकडे हे यंत्र नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर आमच्या ह्यांची सही मी करते, मनुष्यबळावरच चाललंय.

लोक मात्र विचारतात ते भलतंच. "महाराजांची सही आहे का हो?" आप्पा शांतपणे समजावतात की शिवाजी महाराजांच्या पत्रांवर सही नसते; वर राजमुद्रा आणि शेवटी मर्यादा मुद्रा. पाहुण्याचा चेहरा पडतो. मग आप्पा इतिहाससंशोधक राजवाड्यांवर येतात: गावोगाव हिंडून दफ्तरं शोधली, १८९८ साली त्या कागदांचा पहिला खंड काढला. इथपर्यंत पोचेस्तोवर पाहुणा चप्पल शोधत असतो.

आप्पांचा जन्माचा वैरी म्हणजे त्यांचे मेहुणे. ते तिकिटं जमवतात. सहीवाल्याला पाकीट अख्खं हवं असतं, कारण टपालाच्या शिक्क्यावरून तारीख आणि गाव पटतं. तिकीटवाला पाकीट दिसलं की कात्री काढतो. लहानपणी या मामांनी घरातल्या एका पोस्टकार्डावरचं तिकीट कापलं होतं. कार्डावरचं तिकीट छापीलच असतं आणि त्याच्या पाठीमागे मजकूर असतो. ते कार्ड मी हातात घेऊन पाहिलंय. एका बड्या पुढाऱ्याचं आहे, नाव सांगत नाही. लिहिलंय: "गुरुवारी पॅसेंजरने येतो. सभेपूर्वी जेवण नको. नंतर करावे, पण तिखट" आणि पुढे चौकोनी भोक. तिखट हवं की नको, हे इतिहासाला कधीच कळणार नाही.

पण खरं सांगू? अख्ख्या संग्रहात मला तेच कार्ड आवडतं. "खूप अभ्यास करा, देशसेवा करा" असे संदेश लिहिलेले कागद ढीगभर आहेत. ते त्या माणसाने दिवसाला पन्नास लिहिले असतील. पॅसेंजरची आणि जेवणाची काळजी मात्र त्याने एकदाच, खऱ्या मनाने लिहिली.

सासूबाईंनीही हल्ली संग्रह सुरू केलाय. मनमोहन सिंग १९८२ ते ८५ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, तेव्हाच्या नोटांवर त्यांची सही आहे. तांदळाच्या डब्यातून अशी एक दहाची नोट निघाली. "हे घ्या, पंतप्रधानांची सही. एक पैसा खर्च न करता." छापील सही ही सही नव्हे, असं आप्पांनी बजावलं. मग त्यांच्या फायलीत चिंतामणराव देशमुखांच्या सहीची, सहाव्या जॉर्जचं चित्र असलेली नोट कशी, असा प्रश्न सासूबाईंनी मला विचारला, म्हणजे त्यांना विचारला. आप्पा अजून उत्तर शोधतायत.

मध्यंतरी आप्पांना कोणीतरी सांगितलं की कायद्याने पंच्याहत्तर वर्षांचा ऐतिहासिक दस्तऐवज पुरातन वस्तू ठरतो आणि देशाबाहेर नेता येत नाही. आप्पा खूश. स्वतः ऐंशी ओलांडून बसलेत, पण हा नियम माणसांना लागू नाही, अशी मी चौकशी करून ठेवली आहे.

तर वाचकहो, तुमच्या माळ्यावर आजोबांची ट्रंक असेल आणि तीत असं एखादं पत्र निघालं, तर पाकीट टाकू नका, तिकीट कापू नका, घडीवर सेलोटेप लावू नका. आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेशनला तर मुळीच नेऊ नका. ते पुन्हा निघत नाही.