निर्लेखन नामंजूर

प्रत्येक सहकारी गृहरचना संस्थेत ज्याप्रमाणे पाण्याच्या टाकीची चावी सांभाळणारा एक, आणि वार्षिक सभेत मागील इतिवृत्तावर हरकत नोंदवणारा एक, असे दोन गृहस्थ नियतीनेच नेमून दिलेले असतात, त्याप्रमाणे अलीकडे तिसराही एक नेमला जाऊ लागला आहे. शेजाऱ्यांनी भंगारवाल्यासाठी जिन्याखाली ठेवलेला संगणक रात्री दहानंतर, चपला न वाजवता, आपल्या घरी नेणारा तो हा गृहस्थ होय. या कृत्याला चोरी म्हणता येत नाही, कारण सकाळी तो मालकाची लेखी संमती घेतो. परोपकारही म्हणवत नाही, कारण तो संगणक पुन्हा कोणाच्या उपयोगी पडल्याचे ऐकिवात नाही. मृतप्राय यंत्राच्या मुखावर तुळशीपत्र ठेवण्याची वेळ येण्यापूर्वी लिनक्सचे चार थेंब घालून पाहावेत, एवढीच त्याची वासना असते.

आमच्या संस्थेत या जागेवर नाझरसाहेब आहेत. कचेरीतील जडसंग्रह नोंदवही सांभाळण्यात आणि तीन पायांच्या खुर्च्या, दोन पात्यांचे पंखे व एकही कुलूप नसलेल्या किल्ल्या यांच्यापुढे ‘निरुपयोगी, सबब निर्लेखन व्हावे’ असा शेरा मारण्यात त्यांची सारी उमेद खर्ची पडली, आणि 30 एप्रिल 2014 रोजी, नियत वयोमानानुसार, तोच शेरा किंचित सौम्य भाषेत त्यांच्या स्वतःच्या नावापुढे पडला. त्याच महिन्याच्या 8 तारखेस मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा पाठिंबा काढून घेतला होता. पाठिंबा काढून घेतला म्हणजे सरकार पडते, हे नाझरसाहेबांना ठाऊक होते. परंतु आदल्या संध्याकाळी व्यवस्थित चालणारे यंत्र दुसऱ्या दिवशी सकाळी केवळ मुदत संपली म्हणून वृद्ध ठरते, हे त्यांना मान्य होईना. “यंत्र जुने होत नसते,” ते सांगतात, “वरून हुकूम येतो.”

तेव्हापासून त्यांच्या पुढच्या खोलीत नऊ संगणक तैनातीस आहेत, आणि त्यांच्यावर घालून पाहिलेल्या लिनक्सच्या हलक्या डिस्ट्रोंची, म्हणजे निरनिराळ्या अवतारांची, फेरिस्त त्यांनी एका लांबट वहीत, सेवापुस्तकाच्या धर्तीवर ठेवली आहे. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात मूळ गाव, तिसऱ्यात ‘बसल्या जागी खाल्लेली रॅम’, आणि शेवटी शेरा. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी 2003 साली काढलेल्या आणि आपल्या चिमुकल्या कुत्र्याचे नाव दिलेल्या पपी लिनक्सपुढे ‘अंगावर उडी मारून सबंध रॅममध्ये जाऊन बसतो, इमानी’ असा शेरा आहे. ग्रीसमधून आलेल्या अँटिएक्सपुढे ‘रूप बेताचे, खाणे त्याहून बेताचे’ अशी नोंद आहे. वीस-पंचवीस एमबींत मावणाऱ्या टायनी कोअरपुढे एकच शब्द आहे: ‘संन्यासी’. डॅम स्मॉल लिनक्स नावाचे एक पात्र पूर्वी पन्नास एमबींचे होते. मध्यंतरी ते दीर्घकाळ अज्ञातवासात गेले आणि 2024 साली परतले तेव्हा सातशेच्या घरात पोचले होते. त्याच्यापुढे नाझरसाहेबांनी, परदेशाहून आलेल्या पुतण्याकडे पाहावे तसे पाहून, ‘अंगाने सुधारले’ असे लिहिले आहे. लुबुंटूच्या नावावर मात्र लाल शाईची रेघ आहे; कारण एके काळी गरिबांचा कैवारी असलेल्या त्या डिस्ट्रोने 18.10 या आवृत्तीनंतर 32 बिटवाल्यांना दारातूनच परत पाठवले.

खुद्द लिनक्सवरही त्यांचा रोष आहे. हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्स याने, 1991 साली ज्या 386 प्रोसेसरवर ते लिहिले, त्या 386लाच 2013 साली आलेल्या 3.8 आवृत्तीपासून लिनक्सने आश्रय नाकारला, ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज घोगरा होतो. “ज्या घरात जन्मला, त्या घराच्या मालकालाच बाहेर काढले.” ऑगस्ट 2025 मध्ये डेबियनने तेराव्या आवृत्तीपासून 32 बिट संगणकांसाठीचा इन्स्टॉलर बंद केला, त्या दिवशी ते संध्याकाळी फिरावयास आले नाहीत.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो माझ्या 2005 सालच्या संगणकामुळे. त्यावर मराठीत चार पाने टंकावीत आणि छापावीत, याहून अधिक महत्त्वाकांक्षा मला नव्हती. नाझरसाहेबांनी पेटी उघडली, रंगकामाच्या ब्रशने पंख्यावरची धूळ झटकली, 512 एमबींची रॅमपट्टी अलगद उपसली आणि शाळकरी खोडरबराने तिच्या सोनेरी दातांवरून तीन वेळा हात फिरवला. पट्टी परत बसली, बटण दाबले गेले, आणि पेटीतून एकच बारीकशी शीळ आली. “हयातीचा दाखला मिळाला,” ते म्हणाले. “अहो, हा म्हातारा झालेला नाही. याला तुम्ही भर उन्हात कांबळे पांघरून बसवले आहे.”

त्यानंतर तीन आठवडे निवड चालली. पहिल्या आठवड्यात पपी आला, रमला आणि गेला, कारण अँटिएक्स त्याच्याहून अकरा एमबींनी कमी खातो असे आढळले. दुसऱ्या आठवड्यात अँटिएक्सची उचलबांगडी झाली आणि तिसऱ्यात संन्यासी विराजमान झाला. एसएसडी बसवली तर संगणक पुष्कळ चपळ होईल, असे माझ्या मुलाने सुचवून पाहिले, आणि ते खरेही होते. परंतु लग्न लावायला आलेल्या भटजींना कोणी कोर्टात सही करण्याचा सल्ला द्यावा तशा मुद्रेने नाझरसाहेबांनी त्याच्याकडे पाहिले. अखेर मी पाने छापावयास गेलो, तेव्हा छपाई होईना.

“छपाईची सेवा मी बरतर्फ केली,” ते शांतपणे म्हणाले. “बसून खात होती.”

“आणि आवाज?”

“तोही निलंबित आहे. ब्लूटूथचे तर पदच रद्द केले. पाहा, केवढी रॅम शिल्लक पडली आहे!”

शिल्लक खरोखरच भरघोस होती. परंतु तिच्यावर मी ब्राउझर उघडला आणि एका वर्तमानपत्राचे पान मागितले मात्र, आयुष्यभर पै पै साठवणाऱ्या गृहस्थाची पुंजी जावयाच्या एका दिवाळसणात उडावी, तशी ती सारी रॅम डोळ्यांदेखत उडाली, संगणक हँग झाला, आणि आम्ही दोघे बराच वेळ स्थिर झालेल्या बाणाकडे पाहत राहिलो. डिस्ट्रो कितीही मिताहारी असो, जावई हलका मिळत नाही, हे सत्य त्या क्षणी माझ्याप्रमाणेच त्यांनाही कळले असावे. परंतु वहीत त्यांनी फक्त ‘जावई सोडून सर्व समाधानकारक’ एवढेच लिहिले.

माझी पाने मग त्यांच्या स्वतःच्या संगणकावर छापली गेली. कचेरीच्या लिलावातून त्यांनी तो घेतलेला. म्हणजे स्वतःच्या सहीने निर्लेखित करून स्वतःच्या पैशाने सोडवून आणलेला. त्याच्या कोपऱ्यातील घड्याळावर 1 जानेवारी 2005 अशी तारीख होती. आतला सेल संपल्यामुळे ते यंत्र रोज त्याच दिवशी जागे होते, आणि इंटरनेटवरचे प्रत्येक प्रमाणपत्र अद्याप अमलात यावयाचे आहे असे समजून प्रत्येक संकेतस्थळास हरकत घेते. बटणाएवढा तो सेल चहा-क्रीमरोलच्या किमतीत मिळतो. उद्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाणार आहे, घेऊन येतो, असे मी म्हणालो.

“नको,” नाझरसाहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. “त्या तारखेला माझी नऊ वर्षे चार महिने नोकरी शिल्लक असते.”

मग, त्या महिन्याचे निवृत्तिवेतन जमा झाले की नाही हे पाहण्यापुरती, त्यांनी आजची तारीख हाताने भरली.