आज्ञांना तोटा नाही

जांब समर्थमध्ये पावसाचा दुष्काळ पडतो, आज्ञांचा कधी पडला नाही. घनसावंगी तालुक्यातल्या या गावात १६०८ साली रामनवमीला नारायण सूर्याजी ठोसर जन्मले. पुढे ते रामदास झाले आणि अख्ख्या महाराष्ट्राला काय करावं, काय करू नये, हे सांगून गेले. दासबोधाचे वीस दशक, दोनशे समास, आणि पानोपानी करावे, धरावे, सोडावे. आम्ही माना डोलावल्या, पारायणं केली, प्रसाद घेतला आणि घरी येऊन होतो तसेच वागलो. त्यामुळे दिलेली आज्ञा जशीच्या तशी पाळली जाते, हा चमत्कार मला साठीत दिसला, आणि तोही देवळात नव्हे, संगणकावर.

जुना संगणक फार रखडायला लागला म्हणून भाच्याने त्यावर लिनक्स घातलं आणि एक काळा पडदा उघडून दिला. चित्र नाही, बटण नाही. डाव्या कोपऱ्यात एक चौकोन उघडझाप करत बसलेला. इथे माऊसने बोट दाखवायचं नाही, शब्दांत सांगायचं. एलएस म्हटलं की त्या जागी काय काय आहे ते मांडतो. सीडी म्हटलं की दुसऱ्या फोल्डरात जातो. पीडब्ल्यूडी म्हटलं की आपण कुठे उभे आहोत ते सांगतो. आमच्याकडे पीडब्ल्यूडी म्हणजे डांबर आणि खडी, त्यामुळे हे तीन शब्दांतलं सगळ्यात लवकर पाठ झालं.

फोल्डर करायला एमकेडीआयआर. मी लिहिलं, एंटर दाबलं. काहीच नाही.

"बंद पडलं का रे?"

"नाही मामा, झालं काम."

"मग बोललं का नाही?"

"चुकलं तरच बोलतंय ते. गप बसलं म्हणजे झालं."

हे पचायला जड गेलं. आमच्या भागात बोअरला दोन इंच पाणी लागलं तरी चौकात फ्लेक्स लागतो. या अबोलपणाचं कारण मात्र साधं आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केलं, आणि लिनक्सने पुढे त्याचाच कित्ता गिरवला. त्या वेळी समोर पडदा नसायचा, टेलिटाइप असायचं. ते खडखडत कागदावर छापायचं, सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं. मग शब्द आखूड झाले आणि 'काम झालं बरं का' हे सांगणं पार गळालं. टेलिटाइप गेलं, मौन राहिलं.

सरावासाठी मी दासबोधाचीच मांडणी करायला घेतली. दशकांचे वीस फोल्डर, प्रत्येकात समासांचे दहा. माऊसने करत बसलो असतो तर एकादशी उलटली असती. भाच्याने एक ओळ लिहिली. महिरपी कंसात एक ते वीस, पुढच्या कंसात एक ते दहा. एंटर. दोनशेच्या दोनशे समास आपापल्या दशकात जाऊन बसले, आणि यंत्र अर्थातच गप्प. गंमत अशी की तेच आकडे देवनागरीत दिले तर त्याला ते आकडे वाटतच नाहीत. ते कंसासकट त्याच नावांचे, एकात एक असे दोनच फोल्डर करून ठेवतं आणि तेव्हाही काही बोलत नाही. सांगितलं तेच केलं, असं त्याचं म्हणणं असावं. त्याला दोष देता येत नाही, हाच त्याचा खरा त्रास.

घरात आपण "ते जरा तिकडं ठेव" म्हणतो. 'ते' म्हणजे काय आणि 'तिकडं' म्हणजे कुठे, हे बायकोला कळतं. यंत्राला नाव लागतं, पत्ता लागतो, मधली मोकळी जागासुद्धा लागते. आपल्याला नेमकं काय हवं आहे हे आधी आपल्यालाच ठाऊक असावं लागतं, आणि साठ वर्षांत ही अट मला कुणी घातली नव्हती.

अशा आज्ञाधारकाची एक कथा समर्थसंप्रदायात घरोघरी सांगतात. मसूरला विहिरीवर आलेली फांदी तोडायची होती. समर्थांनी अंबाजी या शिष्याला शेंड्याकडे बसून बुंध्याकडे घाव घालायला सांगितलं. फांदीबरोबर तोडणाराही खाली जाणार, हे न कळण्याइतका अंबाजी भोळा नव्हता. तरी त्याने घाव घातले आणि विहिरीत पडला. "कल्याण आहे ना?" असं वरून विचारलं, खालून "कल्याण आहे" असं उत्तर आलं, आणि अंबाजीचा कल्याण झाला. लिनक्सलाही ही फांदी तोडता येते. ज्या फोल्डरात आपण बसलो आहोत तोच आरएमने पुसता येतो. नुसतं टिंब देऊन 'हाच पूस' म्हटलं तर ते नकार देतं, पण पूर्ण पत्ता लिहून तोच फोल्डर दाखवला की मुकाट्याने पुसतं. त्यानंतर पीडब्ल्यूडी विचारावं तर जुनाच पत्ता सांगतं. आरएमने गेलेलं कचऱ्याच्या डब्यातही सापडत नाही. विहिरीच्या काठावर मात्र इथे आपणच असतो, तेव्हा कल्याण विचारायचं कुणी?

एक आज्ञा मात्र मी अपवाद म्हणून पाळली आहे. एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासात समर्थांनी लिहावं कसं ते सांगितलंय. कडेला जागा सोडावी, म्हणजे कागद झिजला तरी अक्षर जात नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. भाच्याने पडद्यावर मुंगीएवढी अक्षरं ठेवली होती. मी कंट्रोल, शिफ्ट आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबून ती मोठी करून घेतली.

तुम्हालाही शिकायचं असेल तर अक्षर आधी मोठं करा, रिकाम्या फोल्डरात बसून हात बसवा, आणि आरएम लिहिल्यावर एंटर दाबण्याआधी पत्ता पुन्हा एकदा वाचा.